‘करत आलो आहे’ हा साचा आता सोडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परीक्षा जवळ आल्या की मराठी दैनिकांच्या विद्यार्थी पुरवण्यांत इंग्रजी काळांचा तक्ता हमखास छापून येतो. बारा काळ, बारा ओळी आणि प्रत्येक इंग्रजी वाक्यासमोर त्याचा मराठी अर्थ. हे पत्र त्यातल्या दोनच ओळींबद्दल आहे. प्रेझेंट परफेक्टसमोर ‘मी काम केले आहे’ असे दिलेले असते, प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअससमोर ‘मी काम करत आलो आहे’. खाली एक टीप असते: वाक्यात सिन्स किंवा फॉर दिसले की कंटिन्युअस वापरावा. यातला पहिला अर्थ अर्धवट आहे, दुसरा मुलांना भलत्याच ओळीत नेऊन सोडतो आणि टीप तर सरळ चुकीची आहे.

राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही दहा-बारा वर्षे इंग्रजी शिकलेला उमेदवार मुलाखतीत ‘आय ॲम लिव्हिंग इन नाशिक सिन्स टेन इयर्स’ म्हणतो. त्याने अभ्यास कमी केला म्हणून असे होत नाही. त्याच्या हाती जो तक्ता दिला गेला, त्यात त्याच्या तोंडातल्या मराठीला जागाच नव्हती.

रचना कोणालाही पाठ असते. परफेक्टमध्ये हॅव किंवा हॅज आणि पुढे क्रियापदाचे तिसरे रूप. कंटिन्युअसमध्ये (पुढे नुसते ‘कंटिन्युअस’ म्हटले की प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअसच समजावा) हॅव बीन किंवा हॅज बीन आणि पुढे आयएनजी. रचना चुकणारी मुले थोडी असतात. चुकते ती निवड.

मराठी माणूस खरोखर काय बोलतो ते पाहू. एसटी स्टँडवर उभा असलेला माणूस म्हणतो, ‘दोन तास झाले, वाट बघतोय.’ घरात आई म्हणते, ‘सकाळपासून पाऊस पडतोय.’ शेजारच्या मुलीबद्दल कोणी सांगते, ‘ती चार वर्षांपासून गाणं शिकतेय.’ ‘दोन तासांपासून वाट बघत आलो आहे’ असे कोणी म्हणत नाही. ‘करत आलो आहे’ ही रचना मराठीत आहे, पण तिचे काम वेगळे आहे. ‘आम्ही पिढ्यान्‌पिढ्या दीड दिवसाचा गणपती बसवत आलो आहोत’ अशी जुनी, सांभाळलेली रीत ती सांगते. स्टँडवरच्या दोन तासांना ती लागत नाही.

मग मुलगा काय करतो? त्याच्या डोक्यात ‘बघतोय’ असते. तक्त्यात ‘बघतोय’ सापडते ते प्रेझेंट कंटिन्युअसच्या ओळीत: ‘आय ॲम वेटिंग’. त्यापुढे तो ‘सिन्स टू अवर्स’ जोडतो. एका वाक्यात दोन चुका झाल्या, आणि दोन्ही तक्त्यातूनच आल्या. खरे तर ‘बघतोय’ला इंग्रजीत दोन घरे आहेत. नुसते ‘मी वाट बघतोय’ असेल तर ‘आय ॲम वेटिंग’. पण मागे कुठेतरी सुरू होऊन आत्तापर्यंत आलेला वेळ सोबत असेल, म्हणजे ‘सकाळपासून’, ‘दोन तास झाले’, ‘गेले तीन महिने’, तर ‘आय हॅव बीन वेटिंग’. तक्त्यात ‘करत आलो आहे’ खोडून त्या जागी ‘सकाळपासून करतोय’ एवढे लिहिले तरी निम्म्या चुका थांबतील.

दुसरी चूक सिन्सची. मराठीत ‘सोमवारपासून’ आणि ‘दोन दिवसांपासून’ दोन्हीकडे ‘पासून’च येते, म्हणून ‘सिन्स मंडे’च्या धर्तीवर ‘सिन्स टू डेज’ तयार होते. ‘पॉइंट ऑफ टाइम’ आणि ‘पिरियड ऑफ टाइम’ अशा व्याख्या मुलांच्या ध्यानात राहत नाहीत. त्यापेक्षा मराठीतच एक चाचणी आहे: ‘पासून’ काढून ‘झाले’ लावून बघावे. ‘दोन दिवस झाले ताप आहे’ चालते, तिथे फॉर. ‘सोमवार झाला ताप आहे’ चालत नाही, तिथे सिन्स. ‘लहानपण झाले’, ‘जून महिना झाला’, ‘लग्न झाले तेव्हा झाले’ यातले काहीच बसत नाही, म्हणून ‘सिन्स चाइल्डहुड’, ‘सिन्स जून’, ‘सिन्स दे गॉट मॅरिड’. या शेवटच्या वाक्यात सिन्सनंतर साधा भूतकाळ आला आहे तेही दाखवून द्यावे. तिथे पुन्हा हॅव घुसवायचे नसते. ‘फ्रॉम लास्ट टू इयर्स’ हे आपल्याकडचे दुसरे लाडके वाक्य. ते ‘फॉर द लास्ट टू इयर्स’ असे हवे.

आता खऱ्या निवडीकडे. एकाच सकाळची दोन वाक्ये घ्या. ‘मी तुला सकाळपासून फोन करतोय.’ ‘मी तुला सकाळपासून सहा फोन केले.’ फोन तेच, वेळ तीच, पण मराठीनेही क्रियापदाचे रूप बदलले. ‘सकाळपासून सहा फोन करतोय’ आपल्या कानाला खटकते. इंग्रजीत नेमके तेच घडते: ‘आय हॅव बीन कॉलिंग यू ऑल मॉर्निंग’, पण ‘आय हॅव कॉल्ड यू सिक्स टाइम्स’. मोजणी केली की प्रत्येक फोन पुरा झालेला, सुटा धरला जातो. कंटिन्युअसला शेवट बघायचाच नसतो, तो फक्त चाललेले काम बघतो. म्हणून आकडा आला की त्याला माघार घ्यावी लागते. यातूनच वर्गात वापरता येणारे दोन प्रश्न मिळतात. किती वेळ, हे विचारायचे असेल तर सहसा कंटिन्युअस: ‘हाउ लाँग हॅव यू बीन रीडिंग?’ किती झाले, किती वेळा, असे विचारायचे असेल तर साधा परफेक्ट: ‘हाउ मेनी पेजेस हॅव यू रेड?’

आकड्याच्या बाबतीत एक बारकावा आहे, तो हुशार मुलांनाही चकवतो. ‘शी हॅज रन टेन किलोमीटर्स’ म्हणजे दहा किलोमीटर धावून झाले. ‘शी हॅज बीन रनिंग फॉर ॲन अवर’ म्हणजे तासभर धावतेय. पण ‘शी हॅज बीन रनिंग टेन किलोमीटर्स अ डे’ हेही बरोबर आहे, आकडा असूनही. कारण ‘रोज’ म्हटल्यावर दहा किलोमीटर ही एकूण मजल राहिली नाही, अलीकडची सवय झाली. एकूण बेरीज असेल तर साधा, दराने चाललेले काम असेल तर कंटिन्युअस.

आकडा नसताना कसे ठरवायचे? समजा वाक्य आहे ‘आय हॅव पेंटेड द डोअर’. दरवाजा रंगवून झाला, आता जाऊन बघा. ‘आय हॅव बीन पेंटिंग द डोअर’ मध्ये दरवाजा पुरा झाला की नाही याबद्दल एक शब्द नाही. हाताला रंग का लागला आहे, दुपारभर फोन का उचलला नाही, याचे ते उत्तर आहे. ऐकणाऱ्याचे लक्ष निकालाकडे न्यायचे की खटपटीकडे, यावर निवड ठरते. ‘आय हॅव रेड युअर रिपोर्ट’ म्हणणारा मत द्यायला तयार आहे. ‘आय हॅव बीन रीडिंग युअर रिपोर्ट’ म्हणणाऱ्याचे वाचन अर्धे झाले असेल, थोडे झाले असेल. त्याच्याकडे लगेच निर्णय मागू नये. वरिष्ठांनी विचारले, ‘हॅव यू प्रिपेअर्ड द स्टेटमेंट?’ आणि कर्मचारी म्हणाला, ‘येस सर, आय हॅव बीन प्रिपेअरिंग इट’, तर त्याने ‘हो’ म्हणत ‘नाही’ सांगितले आहे. ऑफिसातले कितीतरी गैरसमज या एका ‘बीन’ने होतात.

पाठ्यपुस्तकी व्याख्या म्हणते की कंटिन्युअस म्हणजे ‘पूर्वी सुरू झालेली व अजून चालू असलेली क्रिया’. हे अर्धेच खरे आहे. पाऊस थांबला आहे, ऊन पडले आहे, पण रस्ता ओला आहे. इंग्रजी माणूस म्हणतो, ‘इट हॅज बीन रेनिंग.’ क्रिया संपली, तिची खूण समोर आहे, एवढे पुरेसे असते. मुलीचे डोळे लाल दिसले की ‘हॅव यू बीन क्राइंग?’ आणि इथे मराठी आपल्याला फसवते, कारण आपण म्हणतो, ‘रडत होतीस का?’ मुले ते शब्दाला शब्द लावून ‘वेअर यू क्राइंग?’ करतात. ते वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, पण ते मागच्या एखाद्या ठरावीक वेळेबद्दल विचारते: काल रात्री मी फोन केला तेव्हा तू रडत होतीस का? तसेच ‘एवढा वेळ काय करत होतास?’ याचे इंग्रजी ‘व्हॉट हॅव यू बीन डूइंग ऑल धिस टाइम?’ असे होते. म्हणजे मराठीतला ‘करत होता’ दोन ठिकाणी जातो. खूण आत्ता डोळ्यासमोर असेल तर हॅव बीन. मागच्या एका क्षणाची चौकशी असेल तर वॉज किंवा वेअर.

क्रियापदाच्या स्वभावाकडे आपले वर्ग फारच कमी लक्ष देतात. झेनो व्हेंडलर या तत्त्वज्ञाने १९५७ मध्ये इंग्रजी क्रियापदांची चार गटांत विभागणी केली. माहीत असणे, आवडणे यांसारख्या स्थिती. धावणे, वाट बघणे यांसारख्या चालणाऱ्या क्रिया. पत्र लिहिणे, घर बांधणे यांसारखी शेवट गाठणारी कामे. आणि पोहोचणे, हरवणे, सापडणे यांसारख्या एका क्षणात होणाऱ्या घटना. नावे मुलांना सांगायची गरज नाही, पण शिक्षकाच्या डोक्यात हे चार कप्पे असावेत. हे दोन काळ प्रत्येक कप्प्यात वेगळे वागतात.

स्थितीच्या क्रियापदांना कंटिन्युअस सहसा चालतच नाही, कितीही सिन्स-फॉर असले तरी. आणि मराठी इथे आपल्या मदतीला उभी आहे. ‘मी त्याला दहा वर्षांपासून ओळखतोय’ असे आपण सहसा म्हणत नाही, ‘ओळखतो’ म्हणतो. ‘ही शिवणयंत्रं आमच्याकडे २०१५ पासून आहेत’ असे म्हणतो. ‘तोय-तेय’ न येता नुसते ‘ओळखतो’, ‘आहे’, ‘माहीत आहे’ आले, आणि सोबत ‘पासून’ असले, की तिथे साधा परफेक्ट: ‘आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स’, ‘वी हॅव हॅड दीज मशिन्स सिन्स २०१५’. ‘आय हॅव बीन नोइंग’ हे वाक्य जन्माला घालण्याचा सगळा दोष त्या सिन्स-फॉरच्या टिपेकडे जातो.

यातला सगळ्यात रोजचा प्रसंग म्हणजे रजेचा अर्ज. ‘आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर सिन्स टू डेज’ हे वाक्य आपल्याकडे शाळेपासून सरकारी कार्यालयापर्यंत इतके लिहिले जाते की कोणाला त्यात काही वावगे दिसत नाही. दुरुस्ती एका पायरीत होत नाही, म्हणून ती नीट बघावी. ॲमच्या जागी हॅव बीन घातले आणि सिन्सच्या जागी फॉर, की ‘आय हॅव बीन सफरिंग फ्रॉम फीवर फॉर टू डेज’ असे होते. हे चालेल. पण दोन दिवसांच्या तापाला सफरिंग भारी वाटते. साधे, नैसर्गिक वाक्य आहे ‘आय हॅव हॅड अ फीवर सिन्स मंडे’. हे वाक्य पाहून कितीतरी शिक्षक ‘हॅव हॅड’खाली लाल रेघ मारतात, दोनदा हॅव आले म्हणून. पहिले हॅव साहाय्यक आहे, दुसरे हॅड हे ‘असणे’ या अर्थाच्या मुख्य क्रियापदाचे तिसरे रूप आहे. दोघांचे काम वेगळे, त्यामुळे वाक्य पूर्ण शुद्ध आहे. ‘आय हॅव बीन इल सिन्स मंडे’ हेही तसेच: तिथे बीन हेच मुख्य क्रियापद, त्यापुढे आयएनजी शोधत बसू नये.

याच हॅवचे एक टोक लक्षात ठेवण्यासारखे आहे. दुखणे सलग असेल तर ‘आय हॅव हॅड अ हेडेक सिन्स धिस मॉर्निंग’. पण डोके अधूनमधून दुखत असेल, आज थोडे, परवा थोडे, तर ‘आय हॅव बीन हॅविंग हेडेक्स’. इथे हॅव ही स्थिती राहत नाही, पुन्हा पुन्हा येणारे झटके होतात. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला डॉक्टर ‘हाउ लाँग हॅव यू हॅड धिस पेन?’ विचारतो तेव्हा त्याला दुखण्याचे वय हवे असते. ‘हाउ लाँग हॅव यू बीन कॉफिंग?’ आणि ‘हाउ लाँग हॅव यू हॅड अ कॉफ?’ दोन्ही बरोबर, कारण एकात खोकणे ही क्रिया आहे आणि दुसऱ्यात खोकला हे नाम.

थिंक, सी, वाँट यांसारखी काही क्रियापदे दोन्ही घरांत वावरतात. मत असेल तर ‘आय हॅव ऑल्वेज थॉट सो’. डोक्यात विचार घोळत असेल तर ‘आय हॅव बीन थिंकिंग अबाउट इट’. वाँट ही स्थिती असली तरी ‘आय हॅव बीन वाँटिंग टु मीट यू’ इंग्रजीत रूढ आहे. ऑल्वेज आले की मात्र साधा परफेक्टच बरा.

लिव्ह, वर्क, टीच, स्टडी यांच्याबाबतीत दोन्ही काळ शुद्ध असतात आणि अर्थात फारसा फरक पडत नाही. परीक्षकांनी इथे एकालाच गुण देऊ नयेत ही विनंती. कायमपणा सांगायचा तर साधा, तात्पुरतेपण सुचवायचे तर कंटिन्युअस, एवढाच कल. तो कल उभ्या राहण्याच्या क्रियापदात स्वच्छ दिसतो. गेटवे ऑफ इंडियाचे उद्घाटन १९२४ मध्ये झाले, म्हणून ‘द गेटवे हॅज स्टूड देअर सिन्स १९२४’. त्याच्यासमोर लाँचची वाट बघत सकाळपासून ताटकळलेल्या माणसाबद्दल ‘ही हॅज बीन स्टँडिंग देअर सिन्स धिस मॉर्निंग’. वास्तूला कंटिन्युअस लावला तर ती उद्या निघून जाईल असे वाटते.

नोकरीच्या कागदपत्रांत मात्र हा फरक नुसत्या छटेचा राहत नाही. अनुभव प्रमाणपत्रात ‘ही हॅज बीन वर्किंग विथ अस फ्रॉम जून २०१९ टु मार्च २०२३’ असे सर्रास लिहिले जाते. ‘हॅज बीन वर्किंग’ म्हणजे तो अजून तिथेच आहे, आणि ‘टु मार्च २०२३’ म्हणजे तो गेला. वाचणाऱ्याने यातले काय धरायचे? माणूस सोडून गेला असेल तर ‘ही वर्क्ड विथ अस फ्रॉम जून २०१९ टु मार्च २०२३’, साधा भूतकाळ. अजून नोकरीत असेल तर ‘ही हॅज बीन वर्किंग विथ अस सिन्स जून २०१९’. बायोडाटात चालू नोकरीचा कालावधी कंटिन्युअसमध्ये, तिथे पार पाडलेली कामे साध्या परफेक्टमध्ये आणि आधीच्या नोकऱ्या साध्या भूतकाळात, असे लिहिले की वाचणाऱ्याला एका नजरेत सगळे कळते.

क्षणात घडणाऱ्या घटनांना कंटिन्युअस लावला की अर्थ बदलून ‘पुन्हा पुन्हा’ असा होतो. ‘आय हॅव लॉस्ट माय कीज’ म्हणजे किल्ली हरवली. ‘आय हॅव बीन लूझिंग माय कीज’ म्हणजे हल्ली किल्ल्या सारख्या हरवतात. ‘द गेस्ट्स हॅव बीन अरायव्हिंग सिन्स सिक्स’ चालते, कारण पाहुणे एकामागून एक येत आहेत. एकट्या पाहुण्याला ते चालणार नाही.

नकारात मराठीची एक सुंदर जोडी आहे आणि ती कोणत्याच तक्त्यात नसते. ‘तीन आठवडे झाले पाऊस पडतोय’ आणि ‘पाऊस पडून तीन आठवडे झाले’. पहिल्यात पाऊस चालू, दुसऱ्यात पाऊस गायब. पहिले ‘इट हॅज बीन रेनिंग फॉर थ्री वीक्स’. दुसरे ‘इट हॅज नॉट रेन्ड फॉर थ्री वीक्स’. ‘त्याला भेटून वर्ष झालं’ म्हणजे ‘आय हॅव नॉट मेट हिम फॉर अ इयर’. ‘पडून’, ‘भेटून’ असा क्रियापदाला ‘-ऊन’ प्रत्यय लागून खंड सांगितला की इंग्रजीत नकारी साधा परफेक्ट, हे मुलांना एकदा दाखवले की ती स्वतः दहा वाक्ये करून देतात. नकारी कंटिन्युअसही असतो, पण तो सवय बिघडल्याचे सांगतो: ‘ही हॅज नॉट बीन स्लीपिंग वेल’ म्हणजे हल्ली त्याला नीट झोप लागत नाही.

‘बीन’चा घोटाळा मात्र जास्त त्रासदायक आहे. हा शब्द कर्मणी प्रयोगातही येतो. ‘द रोड हॅज बीन रिपेअर्ड’ म्हणजे रस्ता दुरुस्त झाला. ‘दे हॅव बीन रिपेअरिंग द रोड’ म्हणजे दुरुस्ती चालली आहे. दोन्ही एकत्र मिसळून ‘द रोड हॅज बीन रिपेअरिंग’ असे फलक लागतात, म्हणजे रस्ताच स्वतः कसलीतरी दुरुस्ती करतो आहे. कंटिन्युअसचे कर्मणी रूप, ‘हॅज बीन बीइंग रिपेअर्ड’, इंग्रजी लोकही टाळतात. सूचना लिहिणाऱ्याने ‘द रोड हॅज बीन अंडर रिपेअर सिन्स जून’ असे लिहावे. आणि ‘बीन’च्या जागी ‘बीइंग’ लिहिणे ही निव्वळ उच्चाराची चूक आहे. झटपट बोलण्यात बीन आखूड होऊन ‘बिन’ ऐकू येते, म्हणून कानाला नीट न पकडता मुले ‘आय हॅव बीइंग वर्किंग’ लिहितात. साहाय्यक हॅव, हॅज, हॅडला लागून बीइंग कधीच येत नाही, हा नियम अपवादाशिवाय चालतो.

उरला ‘केले आहे’. मराठीत ‘मी काल अर्ज दिला आहे’ अगदी सरळ आहे. इंग्रजीत ‘आय हॅव गिव्हन द ॲप्लिकेशन यस्टर्डे’ चालत नाही, कारण काल संपला. काल, गेल्या आठवड्यात, २०१९ मध्ये, दोन दिवसांपूर्वी, असे बंद झालेले वेळ आले की साधा भूतकाळ: ‘आय गेव्ह’. आजचा दिवस मात्र अजून उघडा आहे, म्हणून ‘आय हॅव हॅड थ्री कप्स ऑफ टी टुडे’. संध्याकाळी सकाळबद्दल बोलताना सकाळ बंद झालेली असते, तेव्हा ‘आय सॉ हिम धिस मॉर्निंग’. अमेरिकी बोलण्यात ‘आय ऑलरेडी एट’ सर्रास ऐकू येते, ब्रिटिश वळणात ‘आय हॅव ऑलरेडी ईटन’. परदेशी सहकाऱ्यांशी बोलणाऱ्यांनी दोन्ही ओळखावेत. आणि ‘मी इथे पहिल्यांदाच येतोय’ यातल्या ‘येतोय’ने फसू नये. तिथे ‘पासून’ नाही, मोजणी आहे: ‘धिस इज द फर्स्ट टाइम आय हॅव कम हिअर’.

शेवटी प्रश्नपत्रिकांबद्दल. ‘कंसातील सूचनेप्रमाणे काळ बदला’ या प्रकारात एक सुटे वाक्य देऊन त्याचा प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअस करायला सांगितले जाते. ‘ही नोज द आन्सर’ असे वाक्य आले तर मुलाला अशुद्ध इंग्रजी लिहिल्याशिवाय गुण मिळत नाहीत. ‘आय रीड अ बुक’ याचे ‘आय हॅव बीन रीडिंग अ बुक’ होते, पण का झाले हे त्याला कळत नाही. त्याऐवजी प्रसंग द्यावा: तुमच्या हाताला पीठ लागले आहे, आई विचारते काय करत होतीस, आता वीस पोळ्या लाटून झाल्या आहेत हे तू सांग. पहिल्या उत्तरात ‘आय हॅव बीन मेकिंग पोळीज’ आणि दुसऱ्यात ‘आय हॅव मेड ट्वेंटी’ असे आले तर मुलाला दोन्ही काळ आले आहेत. अशा प्रश्नाला दोन गुण ठेवावेत, एक रूपाला, एक निवडीला. आपल्या दैनिकाच्या पुढच्या परीक्षा पुरवणीत तक्ता छापताना ‘करत आलो आहे’च्या जागी ‘सकाळपासून करतोय’ लिहावे, सिन्स-फॉरची टीप काढून टाकावी आणि तिच्या जागी ‘ओळखतो’ आणि ‘सहा वेळा केले’ ही दोन उदाहरणे द्यावीत, ही विनंती.

आपला,
एक इंग्रजी शिक्षक, सातारा